बाजेखालचा उन्हाळा

बाबांची बदली बेल्लमपल्लीला झाली आणि आमच्या परीक्षा उरकल्याबरोबर बिऱ्हाड हलवायचं ठरलं, तेव्हा मायनं सामान बांधायला सुरुवात केली ती कोंबड्यांच्या डालग्यापासून. बाबा म्हणाले, कोंबड्या मामाकडे ठेवू, बेल्लमपल्लीत जागा कशी आहे कोण जाणे. मायनं ते ऐकलंच नाही. म्हणजे ऐकलं, पण डालग्याच्या तोंडावर जुनं लुगडं बांधण्याचा तिचा हात थांबला नाही. कोंबड्या तिच्या होत्या. घरातली बाकी प्रत्येक वस्तू कुणाच्या तरी हुकमानं आलेली. कोंबड्या तेवढ्या तिनं स्वतः अंड्यांपासून वाढवलेल्या. भीमपूरहून आदिलाबाद आणि तिथून दुसऱ्या गाडीनं बेल्लमपल्ली, असा तो प्रवास झाला. कंडक्टरनं आधी तेलुगूत, मग उर्दूत आणि शेवटी मोडक्या मराठीत विचारलं, की यांची तिकिटं कोण काढणार. मायनं त्याला सांगितलं, वाटेत अंडं दिलं तर ते तुझं. त्यावर तो हसला आणि डालगं त्यानं स्वतःच्या हातानं इंजिनापासून लांब, मागच्या बाकाखाली सरकवून दिलं. लुगड्याच्या फटीतून कवडी डोकं काढून सगळा प्रवास बघत होती. कवडी म्हणजे पांढऱ्या ठिपक्यांची, मायची सगळ्यात लाडकी.

बेल्लमपल्लीत आम्हाला भाड्यानं मिळालेलं घर म्हणजे एका ओळीतल्या खोल्यांपैकी दोन. वर सिमेंटचे पत्रे, मागं छोटं अंगण, आणि अंगणा-अंगणांमध्ये खांद्याएवढी भिंत. सकाळी ओळीतल्या प्रत्येक घरासमोर कोळशाची शेगडी पेटायची आणि त्या धुरात समोरचं माणूस ओळखू यायचं नाही. खाणीचा भोंगा वाजला की पाळी बदलायची. माणसं डोक्याला टॉवेल गुंडाळून निघायची, नाहीतर काळीभोर होऊन परत यायची. आमच्या कोंबड्यानं पहिल्या दिवशी तो भोंगा ऐकला आणि घाबरून मोरीत शिरला. नंतर मात्र त्याला वाटायला लागलं की गावात दुसरा कुणी कोंबडा आहे आणि तो आपल्याला आव्हान देतोय. भोंगा वाजला की हा भिंतीवर चढून, मान ताणून, त्याला उत्तर द्यायचा.

मायला मात्र उत्तर द्यायला कुणी नव्हतं. गावाकडे ती कापसाच्या तासाच्या, म्हणजे ओळीच्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत बोलत जायची. वेचणाऱ्या बायका तिच्याच तासाशेजारचं तास धरायला बघायच्या. इथं नळावर सगळ्या तेलुगू बोलणाऱ्या. माय आपली गुंडी भरायची, डोक्यावर घ्यायची आणि मुकाट परत यायची. माझी धाकटी बहीण शीला आणि मी दिवसभर ओळीतल्या पोरींबरोबर खेळायचो, बाबा ऑफिसात. ते एका सरकारी ऑफिसात कारकून होते. घरात बोलायला कुणी नसायचं, म्हणून माय कोंबड्यांशी बोलायची. “काऊन वं भुरे, पोट भरलं नाही का तुयं? काल रातच्याला कोठी होती?” असं अंगणातून ऐकू यायचं. एकदा शेजारच्या भिंतीवरून एक डोकं वर आलं, इकडं-तिकडं बघितलं, कोंबड्यांशिवाय कुणी दिसलं नाही, आणि खाली गेलं. ती राजव्वा.

कोंबड्यांसाठी बाबांनी स्वतः खुराडं केलं. बाबांचा आणि हातोडीचा संबंध तोवर आलेला नव्हता, पण त्या उन्हाळ्यात त्यांना काय सुचलं कोण जाणे. खोक्यांच्या फळ्या आणल्या, चारी बाजूंनी अशा ठोकल्या की मुंगी जाणार नाही, वरून टिनाचा पत्रा, दाराला तिजोरीसारखी कडी, आणि सगळ्याला हिरवा रंग. ऑफिसातले लोक चहाला आले की ते आधी त्यांना मागं नेऊन खुराडं दाखवायचे. गावाकडचं आमचं खुराडं म्हणजे शेळ्यांच्या गोठ्याला टेकवलेलं मातीचं बुटकं घर, वर पळसाची पानं. त्याचं कधी कुणी कौतुक केलं नाही. त्यातल्या कोंबड्या गार राहतात हेही आमच्या लक्षात आलं नव्हतं, कारण त्या गरम झालेल्याच आम्ही कधी पाहिल्या नव्हत्या.

चैत्र निम्मा व्हायच्या आतच त्या पाहिल्या. दुपारी अंगणात पाय ठेवता येईना. कोंबड्या चोच उघडी टाकून, गळा थरथरवत, पंख अंगापासून लांब धरून उभ्या राहायच्या. बनियनच्या बाहीतून वारा जावा म्हणून माणूस हात लांब धरून उभं राहतं ना, तशा. शीलानं पत्र्याला बोट लावून पाहिलं आणि बोट तोंडात घालून रडत आली. एका दुपारी माय खुराड्याशी गेली तेव्हा भुरी कोपऱ्यात पडली होती, मान आत घेऊन, झोपल्यासारखी. मायनं तिला बाहेर काढलं, पदरानं वारा घातला, चोचीत पाणी सोडलं. पाणी चोचीतून बाहेर आलं.

त्या संध्याकाळी मायनं भाकरी थापता थापता, बाबांकडे न बघता सांगितलं, “पुनवेपरेंत पाहातो मी. नाही तं पोरी घेऊन गावाकडं जातो. जथी कोंबडी जगत नाही, तथी माणसानं काऊन राहावं?” पुनव म्हणजे वैशाखातली, बुद्धपौर्णिमा. बाबा सुपारी कातरत होते, कातरतच राहिले. माय एकदा बोलली की ते तिच्याशी वाद घालत नसत. मला वाटतं, तिला भुरीचं दुःख होतं तेवढंच त्या मुक्या दिवसांचंही होतं, पण ते सांगायला तिला कोंबडीच सापडली.

गावची शाळा सातवीपर्यंत होती आणि मी सातवी झाले होते. गावाकडे परत जायचं म्हणजे जूनमध्ये दप्तर नव्हे तर विळा हातात घ्यायचा, माझ्या चुलत बहिणींनी घेतला तसा. बेल्लमपल्लीची हायस्कूलची इमारत मी येता-जाता पाहून ठेवली होती. खिडक्यांना खरीखुरी काच होती, आणि मी त्यातली कोणती खिडकी आपली, हेसुद्धा ठरवून टाकलं होतं. कोंबड्यांचं आणि माझं नशीब एकाच डालग्यात आहे हे मला त्या रात्री कळलं. दुसऱ्या दिवसापासून मी कोंबड्यांची एवढी काळजी घ्यायला लागले की मायला वाटलं, पोरगी शहाणी झाली.

भुरीला पुरायला माय अंगणाच्या कोपऱ्यात खणत होती तेव्हा राजव्वाचं डोकं पुन्हा भिंतीवर आलं. ती मायहून बरीच मोठी, कपाळावर मोठं कुंकू, नाकाच्या दोन्ही बाजूंना चमक्या. लेकीचं लग्न होऊन ती दूर गेलेली, घरात ही आणि नवरा. तिनं मेलेली कोंबडी पाहिली, खुराडं पाहिलं, वर सूर्याकडे हात केला आणि म्हणाली, “उक्क.” मायनं तिच्याकडे बघितलं. मग कपाळावरचा घाम निरपून म्हणाली, “हाव माय, उकाडा.” थोड्या वेळानं राजव्वानं भिंतीवरून एक ओलं गोणपाट आत टाकलं.

राजव्वाला कोंबड्यांमधलं काही कळत होतं असं नाही. तिच्या माहेरी म्हशी होत्या, आणि म्हशीला लागू पडतं ते कोंबडीला लागू पडावं असा तिचा अंदाज. त्यामुळे पहिल्या आठवड्यात त्या दोघींनी बरेच घोळ घातले. गोणपाट भिजवून खुराड्याभोवती घट्ट गुंडाळलं, तर आत वाफ धरली आणि कोंबड्या जास्तच धापा टाकायला लागल्या. मग राजव्वानं लंगडी नावाच्या कोंबडीवर तांब्याभर पाणी ओतलं. म्हैस असती तर खूश झाली असती; लंगडी मात्र अशी आकडली की माय ओरडली आणि राजव्वा हिरमुसून भिंतीपलीकडे गेली. लंगडी तासाभरात उठून चालायला लागली, पण त्या दोघींचा अबोला टिकला. आधीही त्या फारसं बोलत होत्या असं नाही, तरी अबोला आहे हे अख्ख्या ओळीला कळत होतं.

तो मोडला आंबिलीनं. माय ज्वारीची आंबील करून, ताक घालून, आम्हाला द्यायची आणि उरलेली परळात ओतून कोंबड्यांपुढे ठेवायची. राजव्वानं भिंतीवरून पाहिलं आणि राहवलं नाही तिला. “अंबलि?” तिनं विचारलं. “आंबील,” माय म्हणाली. राजव्वा आत गेली आणि आपल्या घरचं मडकं घेऊन आली. त्यातही तेच, वर कांदा चिरून घातलेला. त्या दिवशी दोघींनी एकमेकींची आंबील चाखली, दोघींनाही आपलीच बरी वाटली असणार, आणि मायनं कांदा घालायचं उचललं. कोंबड्यांच्या आंबिलीतसुद्धा. मी हे लिहितेय तेव्हा माझ्या आदिलाबादच्या घरात कूलर घरघरतोय, फ्रीजमध्ये कसली कसली सरबतं आहेत. पण मे महिन्यात मला अजून कांदा घातलेलीच आंबील लागते, आणि माझी सून म्हणते, आई, वास येतो.

त्यानंतर कामाला शिस्त आली. दाणे पहाटे आणि दिवस कलल्यावरच टाकायचे, कारण भर दुपारी पोट भरलेली कोंबडी जास्त तापते, हे मायच्या ध्यानात आलं. पाण्याची परळं भिंतीच्या सावलीत जमिनीत अर्धी पुरली. एका कोपऱ्यात वाळू आणि राख ओलसर करून ठेवली, कोंबड्या त्यात पोट घासून बसायच्या. गोणपाट गुंडाळायचं नाही, वाऱ्याच्या बाजूला नुसतं टांगायचं. राहता राहिलं खुराडं. बाबांना ते कुणी सांगायचं हा प्रश्न होता. शेवटी मायनं ते मलाच सांगायला लावलं. मी म्हटलं, बाबा, पत्रा काढून वर भाताचं तणस टाकलं आणि एका बाजूच्या फळ्या काढून जाळी लावली तर. बाबा खुराड्याशी गेले. मग त्यांनी त्यात हात घातला, आतली धग त्यांना लागली, आणि त्यांनी पक्कड आणली. तिजोरीची कडी मात्र त्यांनी ठेवली. जाळीच्या दाराला ती फार विनोदी दिसायची.

कवडी याच दिवसांत खुडूक झाली. उन्हाळ्यात अंडी खराब होतात, म्हणून माय तिला अंड्यांवर बसवणार नव्हती, पण कवडी रिकाम्या टोपलीतच जाऊन बसायला लागली. तेव्हा मायनं तिच्याखाली थोडी अंडी सरकवली आणि म्हणाली, बस बाई, तुला एवढी हौस आहे तर.

मग तो दिवस आला. पौर्णिमा तोंडावर आली होती. सकाळी नळाला पाणी आलं नाही. येईल येईल म्हणत बायका गुंड्या लावून बसल्या, गुंड्या तापल्या, पाणी आलं नाही. दुपारी वारा सुटला तो भट्टीच्या तोंडातून आल्यासारखा. गोणपाटं कोरडी खडखडीत झाली. परळं सुकली. घरात प्यायच्या माठात होतं तेवढंच पाणी, आणि मायनं त्यातलं आम्हाला मोजकं देऊन बाकीचं कोंबड्यांना दिलं, तेही संपलं. लंगडी आडवी झाली आणि या वेळी उठली नाही. कोंबड्याचा तुरा लालाचा फिकट गुलाबी झाला. कवडी टोपलीत धापा टाकत होती, पण अंड्यांवरून उठायला तयार नव्हती. माय खुराड्यासमोर बसली आणि तिनं डोक्यावरचा पदर काढून हातात धरला. ती रडत नव्हती. मला वाटलं, ती मनात सामान बांधतेय.

राजव्वाच्या घरात मागं एक खोली होती. तिला लागून चिंचेचं झाड, खाली शेणानं सारवलेली जमीन, खिडकीला पडदा. तिथं दिवसा मल्लय्या झोपायचा, तिचा नवरा. त्याला रात्रपाळी असायची. खाणीत काम करणारा, पहाडासारखा माणूस, मिशा कानापर्यंत. तो झोपलेला असताना ओळीत कुणी मोठ्यानं बोलत नसे. पोरांचा चेंडू त्यांच्या अंगणात गेला तर तो गेला असं समजायचं. त्याच्यासाठी राजव्वा भल्या सकाळीच आदल्या दिवशीच्या पाण्यानं ती खोली शिंपून ठेवायची. ओळीत तेवढी एकच जागा त्या दुपारी गार होती.

राजव्वा भिंतीवरून सगळं बघत होती. तिनं मायला खुणेनं काहीतरी विचारलं, मायनं जोरजोरानं मान हलवून नाही म्हटलं. राजव्वानं तिकडे लक्षच दिलं नाही. ती भिंतीवर हात पसरून उभी राहिली, आणि मग मायनं एकेक कोंबडी उचलून तिच्या हातात द्यायला सुरुवात केली. कोंबड्याच्या डोक्यावर राजव्वानं आपला पदर टाकला, म्हणजे त्याला रात्र वाटावी. कवडी टोपलीसकट गेली. शेवटी शीला आणि मी भिंतीवरून गेलो. आम्हाला काम दिलं होतं ते असं, की बाजेशेजारी बसायचं, कोंबड्या बाजेखाली अंधारात ठेवायच्या, पंख्यानं वारा घालायचा आणि श्वाससुद्धा आवाज न करता घ्यायचा. मल्लय्या उघड्या अंगानं, छातीवर ओला टॉवेल टाकून झोपला होता. तो घोरला की बाज करकरायची आणि बाजेखालून एखादी कोंबडी हळूच ‘क्वँ’ करायची. मी ताडाचा पंखा हलवत होते. शीला आजही फोनवर भांडते की पंखा तिच्याच हातात होता. तिला म्हणावं, तू त्या गार जमिनीवर गाल टेकवून कधीच झोपून गेली होतीस.

किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. कोंबड्यांची धाप हळूहळू कमी झाली, चोची मिटल्या. आणि मग कवडीच्या टोपलीतून एक आवाज आला, अगदी बारीक, सुईएवढा. मग आणखी एक. अंडी फुटत होती. पिल्लाला गप्प बस म्हणून कसं सांगायचं? मी टोपलीवर ओढणी टाकली, तर आतला आवाज आणखी वाढला. वर घोरणं थांबलं.

“एंदि अदि?” मल्लय्यानं डोळे न उघडता विचारलं. ते काय आहे, एवढं मला गावच्या शाळेतल्या तेलुगूवर कळलं.

“कोडि पिल्ललु, पेद्दनायना,” मी म्हटलं. कोंबडीची पिल्लं, मोठे बाबा. हे माझं परक्या मोठ्या माणसाशी बोललेलं पहिलं तेलुगू वाक्य.

बाज करकरली. मल्लय्याचं डोकं बाजेच्या कडेवरून उलटं खाली आलं, मिशा कपाळाकडे लोंबताना मी प्रथमच पाहिल्या. त्यानं कोंबड्या पाहिल्या, कोंबडा पाहिला, टोपली पाहिली, झोपलेली शीला पाहिली. बराच वेळ तो तसाच लटकत राहिला. माझ्या हातातला पंखा थांबला होता. मग डोकं वर गेलं. छातीवरचा ओला टॉवेल त्यानं काढला आणि बाजेच्या कडेवर असा टाकला की त्याचं टोक कवडीच्या टोपलीपुढं पडद्यासारखं लोंबलं. आणि कूस बदलत म्हणाला, “आपकु. विसुरु.” थांबू नको, वारा घाल. मी जोरानं पंखा हलवायला लागले. थोड्या वेळानं वरून त्यानं आणखी काहीतरी म्हटलं, त्याचा अर्थ, अधूनमधून जरा वरही येऊ दे.

उन्हं उतरल्यावर तो अंगणात आला तेव्हा माय भिंतीपाशी उभीच होती. तिनं दुपारभर राजव्वाकडून एक वाक्य घोकून ठेवलं होतं. “तप्पयिंदि, अन्ना,” ती म्हणाली. चूक झाली, दादा. मल्लय्याच्या तळहातावर एक ओलं, काळसर पिल्लू होतं. ते त्यानं भिंतीवरून मायच्या हातात दिलं आणि एवढं काही बोलला की मायला त्यातलं एक अक्षर कळलं नाही. राजव्वा हसत होती. मीच मग सांगितलं: पुढच्या आठवड्यात त्याची पाळी दिवसाची आहे, खोली रिकामी असेल, तेव्हा कोंबड्या तिथंच असू द्या, असं तो म्हणतो, फक्त कोंबडा नको.

सगळी अंडी उबली नाहीत. काही खराब निघाली, ती मायनं लंगडीशेजारी पुरली. पौर्णिमेला आम्ही पांढरे कपडे घातले, मायनं खीर केली आणि पहिलं भगुणं भिंतीवरून पलीकडे गेलं. मल्लय्या ती उभ्या उभ्या, भगुण्यातूनच प्याला. रात्री जेवताना बाबा सारखे मायकडे बघत होते, कारण मुदत संपली होती. मायनं त्यांच्या ताटात खीर वाढली आणि जसं काही दुसरं कधी बोलणंच झालं नव्हतं, तशी म्हणाली, “निमाचं शाळंत नाव कवा टाकता? सुट्ट्या सरून राह्यल्या.” बाबांनी खिरीची वाटी खाली ठेवली आणि उद्याच, म्हणाले. मग त्यांनी आणखी खीर मागितली. त्यांना गोड फारसं आवडत नसे.

शाळा तेलुगूची होती आणि पहिलं वर्ष मला फार जड गेलं. ते सगळं नीट सांगायचं तर वेगळं बसावं लागेल. शाळेचा पहिला दिवस मात्र लख्ख आठवतो. नवी वेणी, निळा परकर. मी दारातून मायला हाक मारली, येतो म्हणून. ती मागच्या अंगणात भिंतीशी उभी होती, पलीकडे राजव्वा. निम्मं तेलुगू, निम्मं वऱ्हाडी आणि उरलेलं हातवाऱ्यांनी, दोघी एकाच वेळी बोलत होत्या. मी पुन्हा हाक मारली. मायनं मागं न वळता नुसता हात हलवला, जा जा म्हणून, आणि बोलणं पुढं चालू ठेवलं.